उद्देश, एका वाक्यात

अर्जावर चौकट आहे: संस्थेचा उद्देश, एका वाक्यात.
चिलोए बेटावर, शाळेच्या स्वयंपाकघरात
चुलीभोवती आम्ही सातजण
आणि रोसामेलचा ओला कुत्रा.

नोलबेर्तो मास्तरांनी आधी मोठे शब्द मांडले:
जैवविविधता, शाश्वत, सर्वसमावेशक.
फळ्यावर छान दिसले,
इस्त्रीच्या कपड्यांसारखे,
कुणाच्याच मापाचे नसलेले.

मी म्हटलं, 'आपल्या सारापितो पक्ष्यांचं रक्षण करणे.'
'आपल्या?' एदुविना हसली.
चाळीस वर्षं ती ओहोटीत शेवाळ वेचते.
'उन्हाळ्यापुरते येतात,
लांब चोच चिखलात खुपसतात, पोट भरतात.
घरटी तिकडे, अलास्कात.
आपले कसले? पाहुणे म्हण.'

'आपल्या' खोडलं. 'पाहुणे' लिहिलं, तेही खोडलं.
'रक्षण' मास्तरांनीच पुसलं: कुणापासून, ते लिहावं लागेल,
आणि ते सगळे इथेच बसलेत.
वाक्याच्या टोकाला 'करणे' तेवढं उरलं,
कर्म हरवलेलं क्रियापद.

बराच वेळ नुसतं लाकूड तडतडलं.
एदुविनानं बूट चढवले, पाणी उतरायची वेळ झाली होती.
दारातून म्हणाली,
'मार्चअखेर त्यांना फार लांब उडायचं असतं.
तोवर भरल्या ताटावरून कुणी उठवू नये. बस्स.'

'हा काय उद्देश झाला?' मास्तर म्हणाले.
चौकटीत शाई अजून ओली होती.
रोसामेलनं खिसे चाचपले,
दोरी काढली,
आणि कुत्र्याच्या गळ्यात बांधली.