मलमाचा वास

विद्यापीठातल्या काचेच्या पेटीत
तंबाखूची दोन रोपं.
एकाला आम्ही रोग लावला, पानं चट्ट्यांनी भरली.
दुसऱ्याला हातही नाही लावला.
मुळं वेगळी, माती वेगळी,
मध्ये फक्त हवा.

आठवड्याभरात तेही सावध:
पान न् पान आतून सावरून बसलेलं,
रोग यायच्या आधीच.
शिकलगार मॅडमनी हवेतला तो निरोप
कुपीत धरला. म्हणाल्या, घे, हुंग.

हुंगलं, आणि मी थेट गंगावेशीत.

आमची आई तिथं वैरण विकते.
ओल्या गवताचे भारे, पहाटे चारपासून, डोक्यावरनं.
पाठ दुखती, असं ती कधी म्हणाली नाही.
दिवा मालवल्यावर
पडद्यापलीकडनं मलमाचा वास यायचा, एवढंच.

हाच तो.

मॅडम वहीत त्याचं नाव लिहीत होत्या, लांबलचक.
मला आठवत होतं,
नववीत कुणी न सांगता मी गजर लावू लागले
पावणेचारचा,
आणि तिच्याआधी जाऊन
त्यातला मोठा भारा उचलायचे.

पहिल्या दिवशी ती नुसती बघत राहिली.
मग म्हणाली, झोप मोडली व्हय गं तुझी?

व्हय म्हटलं.