हजेरी

दुपारी हापशीचा दांडा हातात धरवत नाही,
अशा चैतात डोंगर चढायचा तर रात्रीच.
असं नर्बदानं ठरवलं. नर्बदानं ठरवलेलं
सरपंचालाही बदलता येत नाही.

घरी सांगितलं, जागरण आहे.
खोटंही नव्हतं.

पन्नाशीच्या चौघी. नर्बदा न् दुर्पता गावातच दिलेल्या,
शाहीनची फक्त गल्ली बदलली,
मी परत आलेली. ते एक असो.
शाहीननं फुटाणे घेतले, मी भाकरी न् ठेचा,
दुर्पतानं पोराचा ओलिताचा टॉर्च.
त्या रात्री वावरात लाइन नव्हती, म्हणून मिळाला.

भुरा डोंगर. जन्मापासून उत्तरेला उभा.
त्याच्याकडं पाठ करून निंदलं, तोंड करून कापूस वेचला,
भुऱ्यावर ढग बसला म्हणून धावत वाळवण उचललं.
वर आमच्यातली कोणी गेली नव्हती.
माणसांना विचारावं तर म्हणत,
वर काय हाय? गोटे.

चांदणं होतं. सागाची वाळली पानं
पापडाच्या डब्यात पाय घातल्यासारखी वाजत होती.
मोह टपकत होता. शाहीन म्हणाली,
नाक धुवा लागन घरी जायच्या आधी.
मोहाखाली अस्वल येतं,
हे चौघींनाही माहीत होतं, कोणी बोललं नव्हतं.
"चूप नोका राहू वं," नर्बदा म्हणाली,
"आवाज करत चाला."

पण बोलायचं काय? सुना झाल्या, गुडघे झाले,
गॅसचा भाव झाला.
मग तिनं गुरुजींचा आवाज काढला.
सातवीची हजेरी.

"दुर्पता किसन!" हजर.
"शाहीन शेख हबीब!" हजर गुर्जी.
"बेबी तुळशीराम!" ती नागपूरला असते.
हजर, मीच म्हटलं.
"पंचफुला उकंडा!"

पानं वाजायची थांबली.
पंचफुला दुसऱ्या बाळंतपणात गेली. नदीला पूर होता.

मग मागून, धापा टाकत, दुर्पता: "हजर."
शाळेतही तीच द्यायची.
पंचफुला वेचायला जायची ना, दिवाळीनंतर.
गुरुजींना कळायचं. मांडायचे तरी.

अर्ध्यावर दुर्पताचा गुडघा बसला.
धावड्याला टेकून म्हणाली, "जा वं तुम्ही. मी बसतो इथंच."
"अस्वल आलं त?"
"त्याची बी हजेरी घेतो."

वर खरंच गोटे होते.
एकाला शेंदूर, एकावर सरकारनं खोदलेला आकडा,
आणि वारा. पदर डोक्यावर राहू देईना,
मग आम्हीही नाही ठेवला.
अचानक रेंज आली. दिवसभराचं सगळं
टिंगटिंग करत अंगावर उतरलं,
बचतगटाची बैठक, नातवाच्या लसीची तारीख,
कुठल्याशा मेहुण्याचं शुभ सकाळ.
नर्बदानं तिन्ही फोन भाकरीच्या फडक्यात गुंडाळले.

मग गाव शोधलं. सापडेना.
सगळीच गावं ओंजळभर दिवे.
शाहीन म्हणे ते, नर्बदा म्हणे ते नाही, ते.
मी जिनिंगच्या दिव्यापासून मोजत आले, मधेच चुकले.
पन्नास वर्षं जिथं राहतो
ते बोटानं दाखवता येईना.

तेवढ्यात खाली झाडीत एक उजेड लागला.
विझला.
लागला. विझला.

कोणी बोललं नाही.
मग नर्बदा, हळू, स्वतःच्याच आवाजात:
"दुर्पता किसन."

सूर्य आला तो धुळीतून,
हळदीच्या हातानं पुसल्यासारखा. फार काही नाही.
आम्ही उतरलो.

ती तिथंच. फुटाण्यांची पुडी रिकामी,
ओट्यात वेचलेला मोह.
"काय दिसलं वं वर?"
"तुझा टॉर्च," मी म्हटलं.

तिनं तो हातात फिरवून पाहिला.
"दिसनच," म्हणाली,
"सेल नवे हायेत."