फलाट क्रमांक चार

अंबडच्या गाडीला अर्धा तास आहे.
चौकशीच्या खिडकीतला माणूस
माझ्या काळ्या पातळाकडं बघून म्हणाला,
"माताजी, तिकडं सावलीला बसा."
मी सतरा वर्षांची.
माताजी.

आज दाढ काढली, डावीकडची.
अर्धं तोंड अजून माझं नाही.
नागाई गोळ्या आणायला गेल्यात,
मी राखतेय एक झोळी, दोन किलो शेंगदाणे
आणि पोथी बांधायला घेतलेला लाल खण.

समोर मुतारीकडं जाणारी भिंत.
बोअर मारून मिळेल. पोलीस भरती क्लास.
पिचकाऱ्या.
आणि त्यांच्यामध्ये, विटेच्या तुकड्यानं,
आमच्या लिपीत एक ओळ.

जालन्यात ती वाचणारं कोण असणार?
आणि अक्षराचं शेपूट असं
वासराच्या शेपटीसारखं उडवणारा
एकच.

सारंगधर पौषात गेला, पहाटे.
बाबांनी कुणाला शोधायला पाठवलं नाही.
तीन दिवस पंगतीत त्याचं ताट मांडलं,
चौथ्या दिवशी घासून पालथं घातलं,
बस.
कुणी म्हणतं एमआयडीसीत आहे, सळईच्या कारखान्यात,
कुणी म्हणतं जीन घालतो, अंडी खातो.
खाईना.
मला एवढंच विचारायचं होतं
की वाटेत मुंग्यांची रांग आली तर
अजून थांबतो का रे.

एका दौतीत दोन बोरू बुडवून शिकलो आम्ही.
एका अक्षराच्या घरात दुसरं राहायला जातं,
दुसऱ्याच्यात तिसरं,
परक्याला नुसती कोळ्याची जाळी दिसते.
बाबा सांगायचे, हे कुलूप आहे,
ज्ञान सांभाळायला घडवलेलं,
रस्त्यावर वाजवत फिरू नका.

आणि ह्या येड्यानं त्या कुलपात
काय ठेवावं?
मी वाचलं. बोट फिरवून परत वाचलं.

जेवलीस का

प्रश्नचिन्ह नाही.
ते आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

कधी लिहिलं असेल?
विटेची लाल भुकटी अजून भिंतीच्या खाली आहे,
पण इथं वारा येत नाही, काही सांगता येत नाही.
मी इथं येईन हे त्याला कसं कळणार?
का प्रत्येक फलाटावर लिहून ठेवलंय त्यानं,
अंबड, परतूर, घनसावंगी,
पेरल्यासारखं, उगवेल तिथं उगवेल?

पुनवेला माझी दीक्षा. सहा दिवस.
केस उतरायची कात्री धार लावून आली,
न्हाणीच्या कोनाड्यात आहे, मी तिकडं बघत नाही.
पाच वर्षांची होते मी, आईनं नवस फेडला
आणि मला आश्रमाच्या ओट्यावर ठेवून
माघारी बघितलं नाही म्हणतात.
तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.
बाबांनी परवा विचारलं.
शेंगा फोडता फोडता, मान खाली घालून,
"पोरी, आपलं दार आतून लावत नाहीत, ठाऊक आहे ना?"
रागावून म्हणाले असते तर
किती सोपं झालं असतं.

दोन तास काही खायचं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
म्हणजे सारंग, उत्तर तसं साधंच आहे.
मी तुकडा उचलला.
त्याच्या ओळीखाली,
लाळ पदराला पुसत, लिहिलं:

नाही अजून

मागं चपला थांबल्या.
नागाई. हातात गोळ्यांची पुडी.
साठ वर्षं पोथ्या उतरवून काढलेले डोळे
आधी वरच्या ओळीवर गेले,
मग खालच्या,
मग माझ्या सुजलेल्या गालावर, बराच वेळ.

"वेलांटी चुकलीय," त्या म्हणाल्या.

गाडी लागली. झोळी त्यांनीच उचलली
आणि पायरीवर एक पाय ठेवून
उभ्या राहिल्या, कंडक्टर ओरडत असताना.
वीट माझ्या मुठीत होती.
टाक म्हणाल्या नाहीत.