सातवा ठोका

रक्त आम्ही मक्याच्या पाकातून करायचो.
थोडा कोको, थोडा लाल रंग,
आणि लोनी ह्रोबाक, म्हणजे रंगमंचावरचा बिशप क्लोरीन,
बोट बुडवून चाखायचा : "अजून गोड लागतंय.
लोकांनी किंचाळायला हवं, चाटायला नको."

यंग्सटाउन. पंच्याण्णवचा फेब्रुवारी.
नदीकाठी मिल उरली नव्हती,
मिलच्या आकाराचं आभाळ तेवढं होतं.
स्टुडिओ म्हणजे गालिच्यांचं बंद पडलेलं गोदाम,
न विकलेले तुकडे भिंतींना ठोकलेले, आवाज गिळायला.
मी टेप सांभाळायचे. तासाला चार डॉलर
आणि उरलेला पिझ्झा.

पहिला आवाज दातांच्या डॉक्टरचं ड्रिल.
दुसरा, कपडे धुण्याचं यंत्र, पोटात चार विटा.
ओडेल पेटवेनं ड्रम विकून टाकले होते,
तो साखळीनं तेलाचं पिंप झोडायचा
आणि झोडून झालं की त्यावर तळहात ठेवून गप्प करायचा,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
मग मी ब्लेडनं टेप कापायचे, टोकाला टोक चिकटवायचे.
तो फास यंत्रातून निघायचा,
माइकच्या दांडीला, तिथून झाडूच्या दांड्याला वळसा घालून
परत यंत्रात. रात्रभर.
दळण सरत नाही, पीठ पडत नाही, असलं जातं.

लोनी त्या जात्यात ओरडायचा,
लोखंडी नळकांड्यात तोंड घालून :
देवाला, मेयरला, शाळेच्या वाचनालयातल्या बाईला.
ओळी छापण्याजोग्या नव्हत्या.
छापल्या.

गाडं अडलं ते चौथ्या गाण्यावर.
सगळं होतं. घाव, घरघर, डुकराची किंकाळी
(ती ओडेलच्या मेव्हण्याची; डुक्कर मिळालं नाही).
तरी भीती वाटेना. ते नुसतं मोठं वाटे.
कानठळ्या बसत, अंगावर काटा येत नसे.
अकरा रात्री आम्ही आवाज वाढवत राहिलो.

बाराव्या रात्री श्टेफान आला, लोनीचा बाप,
गाडीची किल्ली मागायला.
अठ्ठावीस वर्षं तापलेलं पोलाद लाटलेला माणूस.
नाकात नळी, मागे चाकांवर प्राणवायूची टाकी,
म्हातारं कुत्रं फिरायला न्यावं तशी ओढत.
त्यानं कवट्या पाहिल्या, उलटे क्रूस, पोराचे काळे ओठ.
"कोण गेलं?" म्हणाला.
कुणी हसलं नाही.
मग तो फास ऐकत उभा राहिला, बराच वेळ, कोट न काढता.

"चुकतंय."
"काय चुकतंय, तातो?"
"मिल अशी वाजत नाही. तुम्ही सगळे ठोके भरून टाकलेत.
सहा होतात. सातव्याला रूळ रिकामा फिरतो.
सातव्याला आपण हात आत घालायचा."

टेबलावर वाजवून दाखवलं त्यानं,
उजव्या हाताची जी तीन बोटं होती त्यांनी.
सहा. मग काही नाही. परत सहा.
आणि त्या काही-नाहीत त्याचा श्वास,
नळीच्या कडेनं सुटणारा.

मी माइक पुढे सरकवला. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुखपृष्ठावर त्याचं नाव नाही. त्यानंच नको म्हटलं,
रविवारी फादरना काय तोंड दाखवू.
पुढे कुठल्याशा गावात लोकांनी त्या तबकड्या जाळल्या,
बिशप क्लोरीन त्या धुरासमोर हात पसरून उभा,
तो फोटो तुम्ही पाहिला असेल.
पण रंगमंचावर चौथं गाणं आलं
की सातव्या ठोक्याला तो तोंड उघडून नुसता थांबायचा.
लोकांना वाटे, काय नाटकी आहे.

गाणं उलटं वाजवलं की सैतान बोलतो, अशी वदंता होती.
एका रात्री एकटीच होते, वाजवून पाहिलं.
उलटेही सहाच ठोके.
फक्त तो श्वास
सुटत नाही, आत जातो.