शोभेची दारू

गोझो बेटावर ऑगस्टच्या भर दुपारी
आकाशात काहीच दिसत नाही, नुसता आवाज होतो.
पांढऱ्या उन्हात पांढरा धूर,
आणि चेन्साच्या कपाटातल्या बश्या एकमेकींना लागतात.
मी तिचं ब्लडप्रेशर घेत असते. पट्टा फुगतो.
"थांब," ती म्हणते, "अजून दोन आहेत."
दोन होतात.
मग आकडा लिहायचा.

त्यांच्या भाषेत याला आगीचा खेळ म्हणतात.
खेळ या शब्दाला लिहिताना बरीच अक्षरं लागतात,
बोलताना त्यातली बहुतेक गिळतात,
आणि माझ्या कानाशी उरतं ते फक्त: लोप.
लोप म्हणजे आमच्यात काय,
हे मी तिला सांगितलेलं नाही.

विस्तिन दिवसभर खाणीत दगड कापायचा
आणि संध्याकाळी शेतातल्या त्या खोलीत जायचा.
अंगात सुती सदरा, खिशात किल्लीसुद्धा नाही.
गळ्यातली साखळी चेन्सा दारातच काढून घ्यायची,
लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी.
वर्षभर खाकी कागद, खळ, सुतळी.
कुठल्या गोळ्याला किती वेढे, तिला अजून पाठ आहे.
पगार नव्हता.
संतासाठी चाललेलं, पगार मागणार कुणाकडे?

मग फेब्रुवारीतला एक मंगळवार.
त्याबद्दल ती एवढंच सांगते
की दोरीवर कपडे वाळत होते
आणि ते सगळे एकाच बाजूला उडाले,
वारा नसताना.

पुढे कचेरीतून इंग्रजी कागद आला.
त्यात शब्द होता फायरवर्क.
साहेबाने विचारलं, हे वर्क होतं का?
असेल तर पगाराची पावती दाखवा.
नसेल, तुम्ही म्हणता तसा खेळच असेल,
तर खेळणाऱ्याच्या बायकोला पेन्शन कसली?
"एका भाषेत तो खेळत होता," चेन्सा म्हणते,
"दुसरीत त्याची पावती सापडत नव्हती.
मी दोन्ही कागदांवर सही केली."

काल तिने विचारलं, तुमच्यात काय म्हणतात?
मी म्हटलं, फटाके.
"हा तर आवाज झाला. शब्द कुठाय?"
म्हणून मग आतषबाजी.
आतष म्हणजे आग, बाजी म्हणजे खेळ,
आणि बाजी लावणं म्हणजे पणाला लावणं.
तिने मान हलवली. म्हणजे तुम्हीही.
तेव्हा कुठे मला आठवलं:
दारूकाम.

"काम?" तिने माझं मनगट धरलं. "काम म्हणजे काम?"
काम म्हणजे काम. सुतारकाम, गवंडीकाम, तसंच.
"आणि दारू?"
इथे पंचाईत झाली.
सांगितलं, बंदुकीतली आणि बाटलीतली,
आमच्यात दोघींना नाव एकच,
म्हणून आकाशातलीला शोभेची म्हणायचं.
चेन्सा इतकी हसली की कवळी सावरावी लागली.
"विस्तिनला दोन्ही आवडायच्या," म्हणाली.
"शोभली मात्र एकच."

रात्री तिची खुर्ची गच्चीवर नेली.
लाल फुटला की ती म्हणे स्ट्रॉन्शियम,
हिरव्याला बेरियम,
भाजीवालीकडे भाजी ओळखावी तशी.
निळ्यासाठी विस्तिन नऊ वर्षं झटला होता.
त्याला तांबं लागतं, आणि तांबं जरा जास्त तापलं
की रंग पळतो.
एक निळा वर गेला. धुऊन धुऊन विटल्यासारखा.
त्याला ती काहीच म्हणाली नाही.

मग माझी नोंदवही मागितली
आणि प्रेशरच्या आकड्याखाली
आमच्या लिपीत मला लिहायला लावलं, दारूकाम.
यातलं काम कुठलं?
मी दाखवलं. तिने तिथे बोट ठेवलं
आणि शेवटचा बार होईपर्यंत उचललं नाही.

वही शनिवारी सुपरवायझर तपासते.
हे काय म्हणून विचारलं
तर काय सांगायचं, अजून ठरवलेलं नाही.