पुढचं डावं

घाट रोडला दुपारी अडीच वाजता
कुत्रीसुद्धा एका गाडीखालून निघून दुसरीखाली जातात.
तेव्हा आली घटाटे डॉक्टरांची लाल गाडी,
दोन माणसांची, जमिनीला पोट टेकलेली,
दोराने ओढत.
सात वर्षं भावाभावांच्या केसमध्ये उभी होती
धंतोलीच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली.
"कॅलिपर पिवळे करून द्या," डॉक्टर म्हणाले,
"चाकाच्या काड्यांमधून दिसले पाहिजेत."
बघते, म्हटलं.

चाक काढलं. पुढच्या डाव्याला बोट लावलं
तर पांढरा भुगा आला, खायच्या सोड्यासारखा.
ॲल्युमिनियम असंच गंजतं, तोंडातल्या तोंडात.
लोखंडासारखं लाल होऊन बोंबलत नाही.
भुग्याने पत्री उचलली, पत्रीने पॅड आवळलं,
आणि चाक जागच्या जागी रुसलं.
मुबीन म्हणाला, "ताई, आपल्या नागपुरात कायची ओल बाप्पा?"
अरे, ब्रेक ऑइल पाणी पितं.
झाकण कितीही घट्ट लाव, हवेतून घोट घोट घेतं.
शेचाळीस डिग्रीच्या गावात
सात वर्षं ते अंधारात पीत बसलं होतं.

पत्रीचे स्क्रू चार. तीन निघाले.
चौथ्याला रात्रभर तेल पाजलं,
सकाळी ज्योत, मग पाना, मग शिवी, मग पुन्हा ज्योत.
शेवटी ड्रिल घातला.
सगळ्यांचं शेवटी असंच होतं असं मी म्हणणार नाही.
तीन निघाले होते.

पिस्टन काढायला कॉम्प्रेसरची हवा.
मध्ये लाकडाचा तुकडा, बोटं लांब.
बोटं लांब, मी दोनदा सांगते.
तिसऱ्यांदा माझं वाकडं नख दाखवते.
ठप्प. एक आला.
ठप्प. दुसरा. लगेच तिसरा.
चौथ्याला ग्रीसपंप लावला तेव्हा निघाला,
हळूहळू, लग्नघरी थोरली जाऊ यावी तसा,
अंगभर देवीचे व्रण.

नवा परदेशातून, तीन महिने;
किंमत ऐकून डॉक्टरांनी आपलीच नाडी धरली.
मग लोहाओळीतून स्टेनलेसचा तुकडा आणला
आणि बाबांचा लेथ सुरू केला.
घासून घासून, मोजून मोजून,
कागदाच्या जाडीहूनही कमी ढिला ठेवला.
इकडे मुबीनने नवी सीलं धुतली रॉकेलमध्ये!
फुगली. अनारशासारखी.
पुन्हा मागवली. त्याच्या पगारातून नाही.

त्याला सील दाखवलं, चौकोनी कापाचं.
बघ, पाय दाबला की तेल पिस्टनला ढकलतं,
पिस्टन पुढे सरतो, रबर जरासं मुरडतं, सुटत नाही.
पाय उचलला की ते सरळ होतं
आणि पिस्टनला मागे घेतं, केसभर.
स्प्रिंग नाही, काही नाही.
धरायला जोर लागतो बे,
सोडायचं काम या एवढ्याशा रबराचं.
तो म्हणाला, "मग सात वर्षं हेच बिघडलं होतं?"
मी म्हटलं, पत्री लाव.

मिहानच्या रिकाम्या रस्त्यावर पहाटे पाचला
डॉक्टर चालवत, मी बाजूला, गुडघे हनुवटीला.
ऐंशीला म्हटलं, दाबा.
गाडी सरळ रेषेत थांबली.
समोरचा कप्पा उघडून माझ्या पायांवर सांडला:
चष्म्याचं घर, कोर्टाची तारीख लिहिलेली चिठ्ठी,
धाकट्या भावाच्या नावाचं लायसन्स, मुदत संपलेलं.
डॉक्टरांनी पाय उचलला.
चाकं मोकळी झाली, उतारावर आपोआप निघाली.
"त्याला एक चक्कर द्यावी का?" त्यांनी विचारलं,
मला की काचेला, कळलं नाही.
मी म्हटलं, पेडल अजून जरा मऊ आहे,
कुठेतरी हवा राहिली. उद्या पुन्हा काढते.

पिवळा रंग शेवटी दिला. दिसतो छान.
फोन केला की नाही, मी विचारलं नाही,
माझं काम चाकापर्यंत.
तो खड्ड्यांचा पिस्टन ठेवून घेतलाय.
कूलर लावला की विजेची बिलं उडतात.
त्यांच्यावर बसतो, चांगला जड आहे.