बिनमोराचा डोळा

सत्तय्या टपरीच्या बाकावर टॉवेल उलगडतो,
बोट ठेवतो. हा बघ त्रिकोण. त्रिकोणात डोळा.
आता बोल.

मी चहा फुंकतो.
साखर पेठेत दुपारचे दोन, पारा चव्वेचाळीस,
मागच्या बोळातून मागांची खटाक् खटाक्
आणि सत्तय्याच्या कपाळावर घामाचे थेंब, एका रांगेत.
रांगेतलं काहीच त्याला योगायोग वाटत नाही.

तेरा माणसं आहेत, तो म्हणतो.
कुठल्याशा थंड देशात, जमिनीखालच्या खोलीत
वर्षातून एकदा जमतात, मेणबत्त्या लावून.
सुताचा भाव ते ठरवतात. डिझेलचाही तेच.
आपल्याला पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री अडीचला.
का?
झोपमोड झालेला माणूस विचार करत नाही, म्हणून.

हे मात्र त्यानं छान विणलंय,
एक तार तुटू न देता.

पण तो डोळा माझा आहे, सत्तय्या.
सव्वीस वर्षं मी जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतोय.
तो मोर होता.
त्या आठवड्यात थोरलीला डेंग्यू, मी रात्रभर दवाखान्यात,
सकाळी पुठ्ठे ओवताना दोनशे बारा गेला
दोनशे एकवीसच्या जागी.
मान पिसाऱ्यात घुसली, पाय गळाले,
उरला एक डोळा, बिनमोराचा,
आपण इथं कसे म्हणून बघत बसलेला.
शेठनं शिवी घातली.
मग माल खपतोय म्हटल्यावर तीच डिझाईन चालू ठेवली.

तो हसतो. तुझ्याच हातून करवून घेतलं त्यांनी,
तुला कळू न देता.

याला काय म्हणायचं?
सापडलं तर पुरावा,
नाही सापडलं तर त्याहून मोठा पुरावा.
सूत न भरता कापड देणारा माग
मी अजून पाहिला नाही.

बंद खोलीतली माणसं मात्र पाहिलीत.
आमच्या यंत्रमाग सोसायटीचं संचालक मंडळ. अकरा जण.
दार लावून, पंखा पाचवर, भजी मागवून.
छताच्या पत्र्याचा विषय तीन वर्षं चालला.
ठरावाची वही हरवली, सापडली, पानांना तेल.
आणि आत काय बोलणं झालं
ते बाहेर येण्याआधी पानवाल्याला पाठ.
तेरा माणसं, शंभर वर्षं,
आणि एकाचीही बायको माहेरी काही बोलली नाही?
एकालाही साडू नाही?

हे मी बोलणारच होतो.
पण सत्तय्यानं टॉवेलची घडी घातली,
त्याचा बाप घालायचा तशी, काठाला काठ, अंगठ्यानं चेपत,
आणि मला गिरणीचं फाटक दिसलं.

आम्ही नऊ-दहा वर्षांचे, डबे घेऊन गेलेलो.
नोटीस दिवसाढवळ्या लावलेली,
मराठीत, खाली तेलुगूत, गोल निळा शिक्का.
शिपायानं खळ जरा जास्तच फासलेली, ओघळत होती.
गुप्त काहीच नव्हतं.
तारीख होती, कलम होतं, सही होती.
ज्यांना वाचता आलं त्यांनी इतरांना वाचून दाखवलं
आणि एकेकानं सायकल वळवली.
दुसऱ्या दिवसापासून भोंगा नाही.
त्याचा बाप सारखा वेळ विचारायचा,
आणि शेवटी शेवटी, वेळ विचारावी तसंच,
कुणी केलं रे हे?

सही कुणाची होती ते आता सत्तय्याला आठवत नाही.
मलाही नाही.
तेरा जण निदान मोजता येतात.
त्यांना शिव्या दिल्या की शिवी कुठंतरी पोचल्यासारखी वाटते.

पलीकडच्या बाकावर चावीवाला इरण्णा,
आमच्या भागाचं पाणी सोडणारा,
बशीत चहा ओततोय, उधारीचा.
मी मुद्दामच विचारलं, सत्तय्याला ऐकू जाईल असं,
आज किती वाजता सोडणार?

काय सांगू, इरण्णा म्हणाला,
वरून फोन आला की.

सत्तय्यानं माझ्याकडे पाहिलं,
भुवया चढवून, एकच शब्द,
वरून.

मी तिघांच्या चहाचे पैसे दिले.